आतूनच उघडणारं कुलूप

कुलुपवाल्याच्या घरी बाळ जन्माला आलं आणि त्याच्या बायकोला विश्रांती मिळावी म्हणून सगळं घर कंबर कसून उभं राहिलं. इतकं उभं राहिलं, की तिला आडवं व्हायला फुरसतच उरली नाही.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "हिला झोप हवी. औषधं नंतर, आधी झोप." घरातल्या प्रत्येकानं ते मनावर घेतलं. म्हणजे कसं, की थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी खोलीचं दार उघडायचं, आत डोकं घालायचं आणि मायेनं विचारायचं, "झोपलीस का गं?" ती झोपलेली असली तर दचकून उठायची आणि म्हणायची, "नाही." मग विचारणारा बाहेर येऊन हळहळायचा, "जागीच आहे बिचारी अजून." ते ऐकून दुसऱ्याला काळजी वाटायची आणि तो बघायला उठायचा.

घरात माणसं मोजकीच, पण माया अफाट. एक कुलुपवाल्याची आई. या बाईचा दिवस सगळ्यांच्या आधी उगवायचा आणि सगळ्यांच्या नंतर मावळायचा, आणि मधल्या वेळात तिला बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस अजून सापडायचा होता. दुसऱ्या त्याच्या सासूबाई. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या बॅग घेऊन मुक्कामाला आल्या होत्या. जावई त्यांना मामी म्हणायचा. मामींची सुपावर श्रद्धा होती. दुखणं कुठलंही असो, सूप घ्यायचं, आणि ते गरम असतानाच घ्यायचं, मग घेणारा जागा असो की गाढ झोपेत. तिसरे कुलुपवाल्याचे वडील. त्यांची हयात लिलावात बोली पुकारण्यात गेली होती. ते निवृत्त झाले होते, त्यांचा आवाज झाला नव्हता. ते कुजबुजले की समोरच्या घरातला कुत्रा कान टवकारायचा.

"हळू बोला, सूनबाई झोपलीय," असं ते आपल्या परीनं हळूच म्हणायचे, आणि सूनबाई पलंगावर उठून बसायची.

एका सकाळी तिच्या हातून चमचा पडला. ती त्या चमच्याकडे बघत राहिली आणि रडायला लागली. कुलुपवाला दारातच होता. बिघडलेल्या कुलपाला नुसतं बोट लावलं की त्याला आतलं दुखणं कळायचं, पण माणसांच्या बाबतीत त्याला विचारावं लागायचं.

"काय झालं?"

"काही नाही. चमचा पडला."

"मी उचलतो की."

"चमच्याचं नाही हो." तिनं पदरानं डोळे पुसले. "सगळे इतकं करतात माझं, की मला कुणावर धड रागावताही येत नाही. मला एकदा झोपायचंय. एकदाच. कुणी उठवेपर्यंत नाही, आपण होऊन जाग येईपर्यंत."

"मग झोप ना."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्वतःच चमचा झाला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

"लोकांच्या तिजोऱ्यांना कुलपं घालता ना तुम्ही?" ती म्हणाली. "माझ्या झोपेला एक घाला."

आता हे दुसऱ्या कुठल्या बायकोनं आपल्या नवऱ्याला म्हटलं असतं तर तो हसून कामाला गेला असता. कुलुपवाला कामालाच गेला. घरामागच्या अंगणापलीकडे त्याचं दुकान होतं. मागच्या गल्लीत उघडणारं एक शटर आणि अंगणाच्या बाजूनं एक लहानसं दार. दुकानावर पाटी होती, 'आम्ही उघडत नाही असं कुलूप नाही.' त्या पाटीखाली बसून त्यानं दोन दिवस कानस चालवली आणि असं कुलूप घडवलं, की ते कुणालाच उघडता येऊ नये.

गंमत साधी होती. दार ओढलं की जीभ आपोआप खाचेत बसायची. आतल्या अंगाला एक पितळी गोळा, लहान मूलही फिरवेल इतका हलका. आणि बाहेरच्या अंगाला नुसती गुळगुळीत पितळी पट्टी. मूठ नाही, कडी नाही, किल्लीचं भोकही नाही. बायकोच्या खोलीच्या दाराच्या कडेनं त्यानं बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी ठोकली, म्हणजे बाहेरचा आवाज आत जायला नको. तिसऱ्या दिवशी त्यानं दुकानाचं शटर ओढून घेतलं, बाहेर 'आज बंद' असा पुठ्ठा लटकवला आणि जेवणं उरकल्यावर कुलूप दाराला बसवून सगळ्यांना दाखवलं.

"किल्ली कुठाय?" आईनं विचारलं.

"किल्ली नाहीच."

"मग मी आत कशी जायची?"

"जायचंच नाही आई, तेच तर त्यातलं—"

"अस्सं!" आईनं हातातला फडका खांद्यावर टाकला. "पोरं वाढवली मी या घरात, पाहुणे सांभाळले, दुखणी काढली. आणि आता मला दाराबाहेर ठेवायचं कुलूप माझ्याच पोरानं घडवलं."

"तुझ्यासाठी नाही गं, सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांत मी धरली का नाही?"

वडिलांनी मध्ये पडायचं म्हणून तोंड उघडलं, पण आईनं त्यांच्याकडे पाहिल्यावर परत मिटलं.

"मी जाते माझ्या बहिणीकडे," आई म्हणाली. "बघा घर चालवून. तेवढी पलंगावरची चादर बदलते आणि निघते. पोरीला मळक्या चादरीवर नको निजवायला." आणि पायात चपला सरकवून, पर्स काखेत मारून ती तरातरा चादरींच्या कपाटाकडे गेली. बहिणीकडे जायची धमकी ती अधूनमधून द्यायची, पण पर्स काखेत मारून आजवर कधी दिली नव्हती.

"विहीणबाईंचं काही चुकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतिणीला क्षणभरही एकटं सोडू नये. आणि सुपाचं काय?"

"मामी, सूप ती उठल्यावर घेईल."

"उठल्यावर! उठल्यावर ते गार झालेलं असेल, जावईबापू."

या गडबडीत बायको शांतपणे सांगत होती, "बाळाला आत्ताच पाजलंय. दूध काढून ठेवलंय, फ्रिजच्या दारात, निळ्या झाकणाच्या बाटलीत. गरम पाण्यात ठेवून कोमट करा. पाजलं की खांद्यावर घेऊन पाठ थोपटा, ढेकर येऊ द्या. ऐकलंत ना?"

"ऐकलं, ऐकलं," तिघंही एकदम म्हणाले. न ऐकलेली माणसं म्हणतात तस्सं.

"मी अंघोळ करून येते आणि झोपते," असं म्हणून ती मागच्या न्हाणीघराकडे गेली. कुलुपवाला आणि वडील बाबागाडी घेऊन पुढच्या अंगणात सावलीला गेले. सासूबाई स्वयंपाकघरात सुपाकडे तोंड करून सुपालाच काहीबाही समजावत बसल्या.

कुलुपवाला जरा वेळानं आत आला, तो खोलीचं दार बंद. त्यानं बोटानं ढकलून पाहिलं. हललं नाही. दारातल्या आईच्या चपला जागेवर नव्हत्या, म्हणजे ती खरोखरच बहिणीकडे गेली होती. उद्या जाऊन समजूत काढू, असं त्यानं ठरवलं. आज एका बाईला दिलेला शब्द पाळायचा होता. एका दिवसात दोघींचं समाधान करणारा नवरा अजून कुठल्या कारखान्यात घडलेला नाही.

"झोपली!" तो पुढच्या अंगणात येऊन वडिलांना म्हणाला.

"झोपली?" वडील कुजबुजले. समोरचा कुत्रा उठून बसला.

पहिला अडथळा सुपाचा आला. सासूबाई वाडगा घेऊन दारापाशी आल्या आणि मूठ शोधू लागल्या. मूठ नव्हती. त्यांनी पट्टी चाचपली, खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं. एखादा सज्जन माणूस आपलं घर चुकून भलत्याच भिंतीपुढे उभा राहावा तशा त्या दिसत होत्या.

"उघडा," त्या म्हणाल्या.

"उघडत नाही मामी. बाहेरून कुणालाच नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही." हे सांगताना त्याला अभिमान वाटला. मागाहून दुकानावरची पाटी आठवली आणि जरा कमी वाटला.

"आणि तिला आत चक्कर आली तर?"

हा मुद्दा बिनतोड होता. कुलुपवाला पुढे झाला. त्यानं पितळी पट्टीला कान लावला. बनातीच्या पट्टीतूनही आतून एक आवाज येत होता, भरदार, संथ, लाकडावर करवत चालावी तसा.

"घोरतेय," तो हसून म्हणाला. "म्हणजे ठीक आहे."

सासूबाईंनी कान लावला आणि ताठ झाल्या. "माझी मुलगी घोरत नाही."

"दमलीय हो."

"आमच्या घराण्यात कुणी घोरत नाही!"

वडीलही येऊन ऐकून गेले. "वा! काय सूर लागलाय," ते म्हणाले. "नाहीतर आमच्या हिची तऱ्हा. हिला झोपच नाही. मी निजतो तेव्हा ती जागी, मी उठतो तेव्हा ती जागी. इतक्या वर्षांत हिला झोपलेली म्हणून पाहिली नाही मी. काही काही बायकांना लागतच नाही झोप, शरीराची ठेवण असते एकेकाची."

हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी त्या विषयाचा अभ्यास केलाय.

तेवढ्यात अंगणात बाळ जागं झालं.

बाळ लहान होतं, पण आजोबांवर गेलं होतं. पहिल्याच आरोळीला सासूबाई म्हणाल्या, "भूक लागली. उठवा तिला."

"नाही."

"पोर उपाशी ठेवणार?"

"तिनं काहीतरी सांगितलं होतं," कुलुपवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "बाबा, तुम्ही होतात ना? काय सांगितलं तिनं?"

"मी म्हटलं तू ऐकतोयस."

"मामी?"

"माझं सुपाकडे लक्ष होतं."

मग घर शोधायला सुरुवात झाली. दूध म्हणून आधी चुलीवरचं पातेलं उघडलं, ते सूप निघालं. कपाटं उघडली. त्या घरात कुठली वस्तू कुठं असते हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस रुसून बहिणीकडे गेलं होतं. चमचे कपड्यांच्या कपाटात असतात हा शोध वडिलांना तिथं राहून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लागला. शेवटी कुलुपवाला डोळे मिटून उभा राहिला. बिघडलेल्या कुलपापुढे राहतो तसा. बायकोचे ओठ हलताना त्याला दिसले, मग हळूहळू शब्दही ऐकू आले, "निळं झाकण... फ्रिजच्या दारात..."

बाटली कोमट झाली, बाळ दूध प्यायलं, तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. शब्द एवढेच आठवले होते. पाठ थोपटायची आणि ढेकर काढायची, हे मागचं वाक्य फ्रिजच्याही मागं कुठंतरी राहून गेलं. थोड्याच वेळात पोटात वारा धरून बाळानं असा टाहो फोडला, की बनात गेली कुठल्या कुठं.

कुलुपवाल्यानं पाळणागीत म्हणून पाहिलं. बाळ एकदा थांबलं, त्याच्याकडे पाहिलं आणि अधिक जोरानं रडू लागलं. सासूबाईंनी चुटक्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला. मग वडिलांना राहवलं नाही. त्यांनी बाबागाडीची दांडी धरली, ती पुढच्या अंगणात लांब नेली, घसा खाकरला आणि त्यांना जे एकच गाणं येत होतं ते सुरू केलं.

"मंडळी, बघून घ्या, पारखून घ्या! तीन दारांचं कपाट, एकही दार कुरकुरत नाही, आरसा अख्खा! बोला कोण बोलतो, एक वार...!"

बाळ गप्प झालं.

"दोन वार...!"

बाळानं डोळे मोठे केले.

"ती-ई-ई-न वार!" आणि वडिलांनी बाबागाडीच्या दांडीवर बोटानं टिचकी मारली. बाळाला मोठ्ठी ढेकर आली आणि ते चक्क हसल्यासारखं दिसलं.

आता ते थांबतील कसले? थांबले की बाळ तोंड वाकडं करायचं. कपाट झालं, खुर्च्या झाल्या, भिंतीवरचं घड्याळ झालं. सगळा संसार त्यांनी बाळाला विकायला काढला. आवाजाला जुनी धार चढली. वडील अंगणात, अंगण रस्त्याला लागून, आणि रस्त्यावरून माणसं जात होतीच. कुंपणापाशी एक थांबला, त्याला बघून दुसरा थांबला. लिलावाच्या आवाजात काय जादू असते कुणास ठाऊक, काही घ्यायचं नसलेला माणूसही हात खिशातून बाहेर काढतो.

"जेवणाचं टेबल!" वडील गरजले. "सहा माणसं बसतात, सातवं लाजतं! एक वार! दोन वार!"

"माझं," कुंपणापलीकडून पावभट्टीवाला म्हणाला. त्यानं एक आकडाही सांगितला, बरा होता.

"तीन वार! दिलं!" टिचकी वाजली.

मग वडिलांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा!" कुलुपवाला धावत आला. "अहो हे काय केलंत? नाही म्हणा त्याला!"

"नाही कसं म्हणू?" वडील खरोखर कुजबुजले, आयुष्यात प्रथमच. "तीन वार म्हणून झालं रे. टिचकी वाजली. आजवर या तोंडानं दिलेला माल परत घेतला नाही मी."

"ते आपलं जेवणाचं टेबल आहे!"

"म्हणूनच जास्त वाईट वाटतंय."

भट्टीवाला दोन भक्कम गडी घेऊन आत आला. टेबल उचललं. त्यावर सूप होतं, ते सासूबाईंनी छातीशी धरलं. टेबल वळणावर अडकलं, तिरकं झालं आणि त्याचा पाय झोपण्याच्या खोलीच्या दारावर असा आदळला, की भिंतीवरचं घड्याळ थांबलं.

आतलं घोरणं बंद झालं.

सगळे जागच्या जागी थिजले. गडी टेबल हवेत धरून, भट्टीवाला एक पाय उचलून, सासूबाई सूप कवटाळून, वडील बाळाच्या तोंडासमोर बोट धरून. कुलुपवाल्यानं मनातल्या मनात बायकोची माफी मागायला सुरुवात केली. इतक्यात आत कुणीतरी कूस बदलली, पलंग कुरकुरला, आणि करवत पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा खालच्या सुरात. टेबल पावलं न वाजवता बाहेर गेलं. गर्दीनंही, कारण कळताच, चपला हातात घेतल्या. एका बाईनं जाता जाता सांगितलं, "बाळंतीण झोपलीय ना? झोपू द्या हो. आमच्या वेळी कुणी..." आणि ती पुढचं न बोलताच निघून गेली.

पण सासूबाईंचा संयम टेबलाबरोबरच घराबाहेर गेला होता. सूप ठेवायला जागा उरली नव्हती. दुपार कलून गेली होती. "एवढं कुणी झोपत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे घोरणं माझ्या पोरीचं नाही, हे दुखण्याचं घोरणं आहे. तुम्हाला उघडता येत नसेल तर उघडणाऱ्याला बोलावते." आणि त्यांनी सरळ चौकातल्या किल्लीवाल्याला फोन लावला.

चौकातला किल्लीवाला म्हणजे कुलुपवाल्याचा धंद्यातला हाडवैरी. त्यानं आजवर या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, पण फोन येताच दुकान उघडं टाकून धावला. असा योग माणसाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही.

"काय हो," तो दारातूनच हसत म्हणाला, "पाटी उतरवायची का आता? 'आम्ही उघडत नाही असं कुलूप नाही'!"

त्यानं हत्यारं मांडली, दारापुढे बसला. पट्टीवरून बोटं फिरवली. फटीत पत्रा सारून पाहिला. आरसा लावला, कान लावला. हळूहळू त्याचं हसू गेलं आणि डोळ्यांत वेगळंच काही आलं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"भोक नाही."

"नाही."

"जीभ उलटी बसवलीय. बिजागऱ्या आतून." त्यानं टोपी काढली. "देवाशप्पथ सांगतो, हे कुलूप नाही, भिंत आहे."

वैऱ्याच्या तोंडून असं ऐकायला माणूस जन्मभर झुरतो. कुलुपवाल्याला ते ऐकू आलं तेव्हा त्याच्या खांद्यावर बाळ होतं, बाळाखाली ओला लंगोट होता आणि शर्टावर दुधाचे डाग. त्यामुळे त्याला धड खूशही होता आलं नाही.

"ड्रिल लावतो," किल्लीवाला म्हणाला. "मोठं भोक पाडावं लागेल. आवाज होईल."

"पाडा," सासूबाई म्हणाल्या.

कुलुपवाल्यानं बाळ वडिलांकडे दिलं आणि दाराला पाठ लावून खाली बसला.

"आधी मला पाडा."

"जावईबापू, बाजूला व्हा. माझी मुलगी आहे आत."

"मामी," तो म्हणाला, "लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. परवा पहिल्यांदा मागितलं. साडी नाही, दागिना नाही. झोप मागितली. ती आपण होऊन गोळा फिरवून बाहेर येईल तेव्हा येईल. तोवर हे दार मीही उघडणार नाही आणि दुसऱ्या कुणाला उघडू देणार नाही."

किल्लीवाल्यानं ड्रिल खाली ठेवलं. सासूबाई वाडग्यातलं गार सूप स्वतःच प्यायल्या, आणि चेहऱ्यावरून तरी वाटलं, की ते पिणाऱ्याला कसं लागतं हे त्यांना आज प्रथमच कळलं.

"आईला बोलावून आणू का?" वडील हताशपणे म्हणाले. "तिला बरोबर कळतं अशा वेळी काय करायचं. दुसरा लंगोट कुठाय हेही तिलाच ठाऊक."

त्यांनी मेहुणीला फोन लावला. बोलता बोलता ते उभे होते ते खाली बसले.

"काय झालं बाबा?"

"ती म्हणते, तुमची बायको इथं आलीच नाही."

आई जेवणं उरकल्यावरच गेलेली. पर्स घेऊन, रागानं. बहिणीकडे पोचली नाही. मग गेली कुठं? वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी तिला साधं थांब म्हटलं नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात खटकन आवाज झाला. कुलपाची जीभ मागे सरली. दाराला टेकून बसलेला कुलुपवाला उताणा आत पडला.

डोक्यापाशी त्याला आधी दोन पावलं दिसली, मग हातात धरलेल्या चपला, मग काखेतली पर्स, आणि सगळ्यात वर आईचं तोंड. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, आणि डोळे असे ताजे, की ते तिचेच आहेत हे ओळखायला वेळ लागला.

"आई? तू?"

"चादर घातली," आई म्हणाली, "आणि दार लागलं मागून. म्हटलं, जरा टेकू. कुणी हाक मारली की उठू." तिनं आजूबाजूला पाहिलं. "कुणी हाकच मारली नाही."

वडील तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे ते घोरणं तुझं?"

"मी घोरते?" आईनं आश्चर्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक!" वडील म्हणाले. "मी कधी ऐकलंय?"

सासूबाईंचा चेहरा विजयानं उजळला. "मी म्हटलंच होतं, आमच्या घराण्यात—" आणि मध्येच त्यांना सुचलं ते इतरांनाही सुचलं. "मग माझी मुलगी कुठाय?"

आता मात्र पळापळ झाली. न्हाणीघर पाहिलं, गच्ची पाहिली, पलंगाखाली पाहिलं. कुलुपवाला मागच्या अंगणात धावला, तर दुकानाचं अंगणाकडचं दार उघडून त्याची बायको बाहेर येत होती. सावकाश, आळस देत. केसांत लोखंडाचा कीस चमकत होता आणि डाव्या गालावर एका किल्लीचा ठसा दातांसकट स्पष्ट उमटला होता. बाळंत झाल्यापासून ती इतकी सुंदर दिसली नव्हती, असं कुलुपवाल्याला वाटलं. ठसा कुठल्या किल्लीचा हेही त्यानं ओळखलं, पण ते बोलायची वेळ नव्हती.

"बाळ?" तिनं विचारलं.

"बाबांकडे. प्यायलं. ढेकर दिली. टेबल गेलं. तू दुकानात?"

"अंघोळ करून आले तर दार बंद. वाजवायला हात उचलला आणि आतून घोरणं ऐकलं." ती मागच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासूकडे बघून हसली. "आवाज नवीन होता, पण माणूस कळलं. नाही वाजवलं. गोणपाटं टाकली दुकानात आणि झोपले. शटरवर तुमचा पुठ्ठा होताच, कुणी आलं नाही."

"अगं, सांगायचं तरी! आम्ही काही केलं असतं ना तुझ्या झोपेसाठी."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली.

सगळे आत आले, तोवर आई घरभर फिरून आली होती. उघडी कपाटं, सांडलेलं दूध, थांबलेलं घड्याळ, आणि जेवणाच्या टेबलाच्या जागी जमिनीवर चार पायांच्या खुणा. वडील बाळाच्या आडून बघत होते. आता वीज कोसळणार, या तयारीनं किल्लीवाल्यानंही हत्यारं आवरली.

"गेलं एकदाचं," आई म्हणाली. "त्याचा कोपरा इतकी वर्षं मांडीला लागत होता माझ्या." मग ती नव्या कुलपापाशी गेली, आतला पितळी गोळा एकदा फिरवला, परत फिरवला. "हे काढायचं नाही. एक दिवस ती, एक दिवस मी." आणि ती जाऊन खुर्चीवर बसली. सगळ्यांदेखत, पाठ टेकून बसली. चहा कुणी करायचा हा प्रश्न घरात बराच वेळ तरंगत राहिला आणि शेवटी वडिलांवर येऊन उतरला. चहाची पावडर चपलांच्या कपाटात नसते, इतपत त्यांना आता कळलं होतं.

किल्लीवाला उंबऱ्यावर घुटमळला. "नाही म्हणजे," तो कुलुपवाल्याला म्हणाला, "हे कसं बसवलंत ते दाखवा एकदा. आमच्या घरीही सुनेचे दिवस भरत आलेत."

सासूबाईंनी मात्र या सगळ्याला नाक मुरडलं. बाळंतिणीला कुलपात ठेवणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं आणि हे त्यांनी रात्रीच्या जेवणाला जमिनीवर बसून सगळ्यांना पुन्हा ऐकवलं. पुढं महिनाभर राहून, नातवंडाला आणि सुपाला वळण लावून त्या घरी जायला निघाल्या, तेव्हा जावई बॅग घेऊन दारापर्यंत आला. सासूबाईंनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं.

"जावईबापू," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या झोपायच्या खोलीचं दार जरा जाड आहे. तुमच्या त्या पट्टीला चालेल ना? माप मी मोजून ठेवलंय."